दीड महिन्याच्या बाळाला बेबी स्लिंगमध्ये घेतलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय, बाळ दीड महिन्याचं आहे, कुणीतरी खांद्यावरून घ्यायची कापडी स्लिंग भेट दिलीय. सासूबाई म्हणतात, मान धरेपर्यंत नको. नवरा म्हणतो, कापड चांगलं मजबूत आहे, पडायची भीती नाही.

ताई, पडण्याची भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून आपण गाठ बघतो, कडी ओढून बघतो. ते करायलाच हवं. पण मी तेरा वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे आणि स्लिंग दिसली की माझी नजर आधी बाळाच्या हनुवटीवर जाते. पडलेलं बाळ रडतं, घर गोळा होतं. श्वास कोंडलेलं बाळ रडू शकत नाही. ते शांत झोपल्यासारखंच दिसतं आणि आई बिचारी मान हलू नये म्हणून आणखी हळू चालते.

हे होतं कसं ते सांगते. या वयात डोकं अंगाच्या मानाने खूप जड असतं आणि मानेत ते पेलायची ताकद नसते. स्लिंग खोल आणि सैल असली की बाळ तिच्या तळाशी गोळा होऊन बसतं, पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते. श्वासनलिका अजून मऊ आणि अरुंद असते, मान अशी दुमडली की ती दबते. हवा अगदीच बंद होत नाही, कमी कमी होत जाते. बाळाला डोकं वर उचलता येत नाही, म्हणून स्वतःची सुटका करता येत नाही. दुसरा प्रकार याहून झटपट होतो. नाक-तोंड कापडावर किंवा आईच्या अंगावर दाबलं जातं. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात आणि तोंड बाजूला वळवणं त्यांना जमत नाही. एक-दोन मिनिटांत जीव जाऊ शकतो.

घाबरवायला लिहीत नाहीये, हे घडलेलं आहे. अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. त्याआधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ बाळांचे मृत्यू त्यांच्याकडे नोंदले गेले होते आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांपेक्षा लहान होती. त्याच महिन्यात तिथे पिशवीसारख्या खोल स्लिंग सुमारे दहा लाखांच्या संख्येने परत मागवल्या गेल्या. पुढे २०१७ मध्ये स्लिंगसाठी सक्तीचं मानक ठरलं, ते २०१८ पासून लागू झालं.

चार महिने, म्हणजे साधारण बाळ मान धरतं तो काळ. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं जुनाट समजून सोडून देऊ नका. त्यांनी नेमकी धोक्याची जागाच सांगितली आहे.

तरीही मी "मुळीच नको" म्हणणार नाही, कारण आमच्या विभागात आम्ही दीड किलोची बाळंसुद्धा आईच्या छातीला बांधतो. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला. १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर, म्हणजे बाळाला उबेत ठेवायच्या पेट्या, पुरेनात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी तीच सांगते. आता त्यात बाळ कसं असतं ते बघा. उभं, आईच्या दोन स्तनांच्या मधोमध. पाय बेडकासारखे दुमडलेले. डोकं एका कुशीला वळवलेलं, मान किंचित मागे, म्हणजे श्वासाची वाट मोकळी. पट्टा घट्ट आणि त्याची वरची कड कानाच्या जरा खाली. चेहरा पूर्ण उघडा. आईला बाळ पोटावर आडवं घेऊन पिशवीसारखं लोंबकळू द्यायला आम्ही कधीच सांगत नाही.

तुमच्या स्लिंगमध्ये बाळ असं राहत असेल तर ती वापरता येईल. बाळ उभं हवं आणि इतकं उंच, की मान खाली केली की त्याच्या कपाळाचा पापा घेता यावा. हनुवटी आणि छातीच्या मध्ये तुमची दोन बोटं आडवी बसायला हवीत. पाठीवर हात ठेवून हलकेच दाबा. बाळ आणखी गोळा होत असेल तर बांधणी सैल आहे, सोडून पुन्हा बांधा. गुडघे बुडापेक्षा थोडे वर आणि मांड्यांना खालून आधार. पाय सरळ लोंबकळत ठेवले तर खुब्याच्या सांध्यालाही ते चांगलं नाही. आणि स्लिंग पिशवीसारखीच असेल, बाळ आडवंच राहत असेल, तर भेट कितीही प्रेमाची असो, कपाटात ठेवून द्या.

एक प्रसंग अजून आठवतो. तपासणीला आलेली एक आई रांगेत उभी होती, बाळ स्लिंगमध्ये, ऊन लागू नये म्हणून वरून ओढणी. मला कण्हल्यासारखा बारीक आवाज आला म्हणून ओढणी बाजूला केली. हनुवटी छातीला चिकटलेली, ओठ फिके. उचलून मान सरळ केली, काही क्षणांत रंग परतला. त्या आईने काळजीपोटीच ओढणी घातली होती. म्हणून हात जोडून सांगते, चेहऱ्यावर काहीही झाकू नका.

अंगावर पाजत असाल तर जास्तच लक्ष द्या. पाजताना बाळ खाली घेतलं जातं, पिऊन ते झोपतं आणि तसंच राहतं. पाजून झालं की लगेच पुन्हा उभं, उंच.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, जुळ्यांपैकी असेल, जन्मतः वजन कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय स्लिंग नकोच. सर्दीने नाक चोंदलं असेल तेवढे दिवसही नको. आपल्या उकाड्यात आईचं अंग, कापड आणि वर स्वेटर-टोपी इतकं सगळं बाळाला सोसत नाही, एकच सुती कपडा पुरे. फोडणी, तळण, गरम चहा हे बाळ अंगावर असताना बिलकूल नको.

आणि स्कूटर. छातीला बाळ बांधून मागे बसलेल्या आया मला रोज दिसतात आणि पोटात गोळा येतो. ब्रेक लागला तर स्लिंग बाळाला वाचवत नाही, तुमच्या आणि पुढच्या पाठीच्या मध्ये ते चिरडतं. दुचाकीवरच्या मुलांसाठी हेल्मेटचा केंद्राचा नियमसुद्धा नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे. दीड महिन्याच्या बाळाची जागा दुचाकीवर नाही.

"आमची पोरं झोळीतच वाढली" असंही कुणी सांगेल. शेतावरची बाई झाडाला साडीची झोळी बांधते ती हात मोकळे नसतात म्हणून, आणि तिचं कामातून तिकडे लक्ष असतं. तान्ह्याची मान झोळीतही दुमडू शकते.

कधी बाळ कण्हायला लागलं, नाकपुड्या फुलवून श्वास घेऊ लागलं, ओठ निळसर दिसले, तर स्लिंग सोडत बसू नका. आधी हात घालून बाहेर काढा, मान सरळ करा, आणि रंग लगेच आला नाही तर १०८ला फोन करा. रंग आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पहिले काही दिवस घरातच, पलंगावर बसून बांधून बघा, आणि तेव्हा सासूबाईंना समोर बसवा. वरून बघताना तुम्हाला फक्त बाळाचं टाळू दिसतं. हनुवटी कुठे आहे ते समोरच्यालाच दिसतं.