‘वरून माल नाही’ म्हणजे काय?

प्रश्न : आईच्या शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळेनात. ‘वरूनच माल नाही’ म्हणतात. इथंच का घेत नाहीत?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, औषधभांडार सांभाळताना ‘वरून’ मीही पुष्कळदा म्हटलंय! ‘वरून’ म्हणजे साऱ्या राज्याच्या एकत्र खरेदीतून. अशा खरेदीत भाव पडतो. कापडाच्या चाटी गल्लीत लग्नाचा बस्ता एकदम बांधल्यासारखं. आपल्याकडं २०१७ला खरेदी हाफकिन या सरकारी औषध महामंडळाकडे गेली, २०२३च्या कायद्यानं खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं. तमिळनाडूनं १९९४ मध्येच औषधखरेदीचं महामंडळ काढलं. तिथं प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, म्हणजे किती रकमेची औषधं घ्यायची त्याचं खातं. जिल्ह्याच्या गोदामातून लागेल तेवढं उचलायचं. आमची मागणी मात्र वर्षातून एकदा, अंदाजपंचे दाहोदरसे. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी संपायची, खोकल्याच्या बाटल्या पडून. तूर्त चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात विचारा. गोळ्यांत खंड नको.