घरातलं सामान, भलतंच काम

या वेळच्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: युक्ती ऐकली, करून पाहिली, जमली नाही. म्हणून उत्तरांत कृतीबरोबर ती कुठे फसते तेही दिलं आहे.

प्रश्न: कपाटाच्या दाराची बिजागरी ढिली झाली आहे. स्क्रू नुसता फिरतो, आवळत नाही. भोकात कागद कोंबला, पण काही दिवसांत पुन्हा तेच. जाड स्क्रू लावावा का?

नको. जाड स्क्रूचं डोकं बिजागरीच्या खोलगट भोकात पूर्ण बसत नाही, वर राहतं आणि दार मिटताना अडतं. कागद टिकत नाही, कारण स्क्रूचे आटे रुतावेत इतका तो घट्ट नसतो. दार हललं की चेंगरत जातो. तिथे लाकूडच भरायला हवं, आणि ते काडेपेटीत आयतं मिळतं.

दाराखाली लाकडाचा तुकडा सारून भार उचलून घ्या आणि एका वेळी एकच बिजागरी सोडवा. भोकातला भुसा फुंकून काढा. लाकडी काड्यांचे गुल मोडून टाका (मेणकागदाच्या काड्या चालत नाहीत). काड्या सुतारकामाच्या पांढऱ्या गममध्ये बुडवून भोकात घाला, भोकाच्या मापाप्रमाणे दोन, तीन किंवा चार. हातोडीने हलकेच ठोकून वर आलेला भाग पात्याने सपाट कापा. मग रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी मधोमध बारीक खिळ्याने छोटं भोक पाडा आणि स्क्रू हाताने आवळा. ड्रिलने आवळलात तर नवे आटे लगेच सोलले जातात.

ही दुरुस्ती बहुतेक वेळा घाईमुळे फसते. गम ओला असताना स्क्रू घातला की काड्या त्याच्याबरोबर गोल फिरतात. काड्या फार ठासल्या तर पातळ फळी चिरते. झटपट चिकटणारा गम इथे नको, तो ठिसूळ असतो आणि दाराच्या हादऱ्यांनी तडकतो. कपाट भुशाच्या बोर्डाचं असेल आणि पाणी लागून फुगलं असेल, तर मात्र काड्यांनी भागणार नाही. बिजागरी दोन-तीन सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवून चांगल्या जागी बसवा.

प्रश्न: स्क्रूच्या डोक्यावरची खाच गुळगुळीत झाली आहे. तो काढायचा कसा?

रुंद, चपटा रबर बँड कापून त्याची पट्टी खाचेवर ताणून धरा. त्यावर खाचेत बसेल असा मोठ्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर टेकवा. जोर दाबण्यावर जास्त, फिरवण्यावर कमी. झिजलेल्या जागेतली पोकळी रबर भरून काढतं आणि पकड मिळते. बारीक गोल रबर बँड तुटतो, तो घेऊ नका. आणि स्क्रू गंजून जाम झाला असेल तर अडचण खाचेत नसून आट्यांत आहे; आधी गंज सोडवणारं तेल घालून काही तास थांबा.

प्रश्न: दाराच्या कुलपात किल्ली अडकते. तेल घातलं, काही दिवस बरं चाललं, आता पूर्वीपेक्षा जास्त अडकते.

तेलाने हेच होतं. कुलपाच्या आत स्प्रिंगवर बसलेल्या बारीक पिना असतात. तेलावर धूळ चिकटते, तिचा चिखल होतो आणि पिना वर-खाली होईनाशा होतात. इथे कोरडं वंगण लागतं, म्हणजे पेन्सिलीतलं ग्राफाइट. २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंवर आणि दात्यांच्या खाचांत घासा. किल्ली कुलपात आत-बाहेर करा, फिरवा, पुसा आणि हे तीन-चारदा करा.

मात्र तुमच्या कुलपात आधीच तेल आहे. त्यावर ग्राफाइट गेलं तर काळा लगदा होईल. आधी बारीक नळीच्या स्प्रे-डब्यातला, तेल धुणारा क्लीनर कुलपात फवारून ते धुऊन काढा, कुलूप पूर्ण वाळू द्या, मगच पेन्सिल. पहिले काही दिवस किल्लीने खिसा काळा होतो.

प्रश्न: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून शॉवरचे क्षार काढले. फेस भरपूर आला, क्षार तसेच!

फेस दिसायला छान. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्क. दोन्ही एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी उरतं, जे जवळपास काहीच साफ करत नाही. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो आम्लानेच विरघळतो. तेव्हा सोडा बाजूला ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत निम्मं व्हिनेगर, निम्मं कोमट पाणी घ्या, जाळी बुडेल अशी शॉवरला रबर बँडने बांधा, अर्ध्या ते एक तासाने काढून जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर ठेवू नका, मुलामा जातो. संगमरवरावर थेंबही पडू देऊ नका. तोही कॅल्शियम कार्बोनेटच आहे, डाग कायमचा राहतो.

एक गोष्ट कधीच नाही: व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न: घरचा डिजिटल वजनकाटा बरोबर आहे का, हे वजनं नसताना कसं तपासायचं?

प्रिंटरचा कागद आहे ना? ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा, म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. पाकिटावर ८० जीएसएम लिहिलेलं असेल, तर एक चौरस मीटर ८० ग्रॅम आणि एक कागद ५ ग्रॅमला अगदी किंचित कमी. वीस कागद म्हणजे १०० ग्रॅम. कागदाच्या जाडीत थोडा फरक असतो आणि दमट हवेत तो पाणी शोषतो, त्यामुळे दोन-चार ग्रॅमच्या फरकावरून काट्याला दोष देऊ नका. पंधरा-वीस ग्रॅमची चूक मात्र यात लगेच पकडली जाते.

याहून नेमकं हवं असेल तर औषधाची १० मिलिलिटरची सिरिंज घ्या, सुईशिवाय. रिकामा पेला काट्यावर ठेवून शून्य करा आणि दहा सिरिंज साधं पाणी सोडा. एक मिलिलिटर पाणी एक ग्रॅम, तेव्हा १०० च्या आसपास दिसायला हवं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढं पाणी कमी भरतं. काटा चुकला तर आधी सेल बदला आणि तो कडक, सपाट जागेवर ठेवून पुन्हा पाहा. मऊ टेबलक्लॉथवर ठेवलेले काटे हमखास चुकतात.

जाता जाता: पट्टी नसेल तर बँकेचं कार्ड ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर असतं, सगळ्यांचं सारखंच.

प्रश्न: नव्या बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या साठवल्या आहेत. कपाटात ठेवल्या तर दमटपणा जाईल?

कपाटात नाही. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी धरतं, आणि कपाट हवाबंद नसल्याने नवी दमट हवा येतच राहते. घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र पुड्या उत्तम काम करतात: बियाणं, कॅमेऱ्याची लेन्स, जुने फोटो. साठवलेल्या पुड्या एव्हाना भरल्या असतील. त्या कापून पांढरे दाणे स्टीलच्या ताटलीत पसरा आणि ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास ठेवा. पुडीसकट तापवू नका, काही पुड्यांचं वेष्टण वितळतं. निळे दाणे ओव्हनमध्ये घालू नका. त्यांत बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं, जे विषारी आहे. दाणे थंड होताच सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून लगेच डब्यात टाका, नाहीतर ताटलीतच ते पुन्हा ओलावा ओढतात.

प्रश्न: काचेच्या बरणीवरचं लेबल निघालं, चिकटा राहिला.

कोणतंही खाद्यतेल आणि सोडा समप्रमाणात कालवून लेप लावा, वीस मिनिटांनी कापडाने चोळा, मग साबणाने धुवा. चिकटा तेलात सुटतो. सोड्याचं काम फक्त घासण्याचं. प्लास्टिकच्या डब्यावर नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, ॲसिटोनने काही प्लास्टिक पांढुरकं होतं, काही सरळ विरघळतं.