नाठी, म्हातारी आणि एक 'सुद्धा'

नाशिकच्या इंदिरानगरहून एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची आई ६८ वर्षांची, दर रविवारी पांडवलेणी चढते. मध्यंतरी पायऱ्यांवर एका तरुणाने कौतुकाने विचारलं, "आजी, या वयातसुद्धा?" आई घरी येऊन म्हणाली, "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!" आणि पुढच्या रविवारी गेलीच नाही. ताई विचारतात: 'नाठी' म्हणजे नेमकं काय, काठीशी त्याचं काही नातं आहे का? 'म्हातारी' हा शब्द मुळातच अपमानाचा आहे, की 'ज्येष्ठ' म्हटलं की भागतं?

आधी नाठी. काठीशी तिचा अर्थाने संबंध नाही, पण दोघी एकाच गल्लीतल्या. संस्कृतातला 'ष्ट' किंवा 'ष्ठ' प्राकृतातून मराठीत उतरताना बहुधा 'ठ' होतो आणि त्याच्या मागचा स्वर लांबतो. काष्ठ–काठी, मुष्टी–मूठ, पृष्ठ–पाठ, अष्ट–आठ. तसंच नष्ट–नट्ठ–नाठ. नाठी म्हणजे नष्ट झाली, पळाली. जुन्या मराठीत नाठा, नाठी, नाठे ही रूपं चालत. आता हा शब्द या एका म्हणीत अडकून पडलाय, घासून गेलेल्या नाण्यासारखा.

गंमत अशी की 'साठ'सुद्धा षष्टीपासून याच वाटेने आला. म्हणजे साठीला यमक हवं होतं आणि नाठी शेजारीच उभी होती. बुद्धीची तपासणी करून कोणी ही म्हण रचली असेल असं मला वाटत नाही. हिंदीवाले यमक शोधायला निघाले तर त्यांना 'पाठा' सापडला. साठा सो पाठा, म्हणजे साठीचा माणूस तगडा गडी! (त्याच हिंदीत 'सठियाना' हे क्रियापदही आहे, तेव्हा फार हेवा करायला नको.) आपल्याकडे साठीला जी शांत करतात तिचं नाव तर उग्ररथ. बुद्धी नाठलेल्या माणसाच्या शांतीला हे नाव जरा जास्तच दणदणीत झालं.

आता म्हातारी. हा शब्द आलाय 'महत्तर'वरून. महत्तर म्हणजे अधिक मोठा. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत जमीन दान दिल्याची खबर ज्यांना द्यायची त्यांच्या यादीत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट या तेव्हाच्या अधिकाऱ्यांबरोबर हे महत्तर येतात. गावातली वजनदार मंडळी. म्हात्रे हे आडनावही तिथलंच मानतात. 'वृद्ध' म्हणजे वाढलेला. वृद्धी आणि वर्धन त्याच धातूची. आणि 'थेरडा' ही तर शिवीच, पण तिच्या पोटात 'स्थविर' आहे. स्थविर–थेर. बौद्ध संघात ज्येष्ठ भिक्खूला थेर म्हणत, ज्येष्ठ भिक्खुणीला थेरी. ताईंची आई ज्या पायऱ्या चढते, त्यांच्या वरच्या टोकाला असलेली लेणी भिक्खुसंघासाठीच कोरलेली. तिथला आदराचा थेर खाली गावात येऊन, 'डा' हे शेपूट लावून, थेरडा झाला. म्हातारडा, बापुडा यांतही तोच 'डा'.

शब्द सगळे मानाचे होते, वापरणाऱ्यांनी खाली आणले. म्हणून एक टाकून दुसरा आणायचा उपाय मला फारसा पटत नाही. 'म्हातारा' खटकला म्हणून 'वृद्ध' आणला, तो खटकला म्हणून 'ज्येष्ठ नागरिक'. पाणिनीच्या व्याकरणात 'ज्येष्ठ' हे 'वृद्ध'चं तमभाववाचक रूपही आहे, म्हणजे सर्वांत वृद्ध! पळून पळून गेलो कुठे, तर त्याच रस्त्याच्या शेवटच्या घरी. २०२२पासून एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे. त्या प्रवाशांना 'अमृत ज्येष्ठ नागरिक' म्हणतात. कंडक्टर मात्र मागे वळून "आजोबा, आधार कार्ड" असंच म्हणतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

खरा काटा नामात नाहीच, तो अव्ययांत आहे. त्या मुलाच्या वाक्यात 'आजी' निरुपद्रवी होती. बोचलं ते 'सुद्धा'. "या वयात सुद्धा" म्हणजे या वयात हे व्हायला नको होतं, तरी झालं. तसाच 'अजून'. "अजून गाडी चालवता?" हे तिशीतल्या माणसाला विचारून बघा, तो म्हणेल, का, लायसन्स गेलं की काय? साठीच्या पुढच्याने कधीतरी थांबायचंच आहे हे त्या 'अजून'ने आधीच गृहीत धरलेलं असतं. 'आता'चंही तेच: "आता कशाला शिकताय हे?" आणि 'वाटत नाही': "तुमचं वय वाटत नाही हो!" हे कौतुक म्हणून स्वीकारायचं तर आधी वय असणं ही वाईट गोष्ट आहे असं कबूल करावं लागतं.

याहून सूक्ष्म एक प्रकार आहे, तो व्याकरणातल्या पुरुषाचा. मी स्वतः चौसष्ट वर्षांचा. गेल्या वर्षी मोबाइल घ्यायला भाच्याबरोबर एका दुकानात गेलो. पैसे माझे, फोन मला हवा, प्रश्न मी विचारतोय. काउंटरवरचा मुलगा भाच्याकडे बघून म्हणाला, "काकांना अक्षरं मोठी लागतील ना?" मी समोर दीड हातावर उभा असताना 'तुम्हाला'चं 'काकांना' झालं. द्वितीय पुरुषातून तृतीय पुरुषात बदली, तीही तोंडावर. दवाखान्यांतही हे ऐकू येतं: "बाबांना झोप लागते का?" बाबा समोरच्या खुर्चीत टक्क जागे असतात. त्या मुलाला मी म्हटलं, "काका इथेच आहेत." त्याने मनापासून सॉरी म्हटलं आणि पुढचा प्रश्न पुन्हा भाच्याला विचारला. अक्षरं मोठी लागतात हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

या सगळ्याला इंग्रजीत 'एजिझम' म्हणतात. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६९मध्ये हा शब्द काढला. मराठीत 'वयवाद' लिहिलेलं दिसतं, ते मला रुचत नाही. वाद म्हटलं की मानणारा पंथ हवा, आणि स्वतःला वयवादी म्हणवणारा कोणी भेटलेला नाही. 'वयद्वेष' जास्त कडक होतो, कारण यातलं निम्मं तर मायेपोटी चालतं: "तुम्ही बसा हो, आम्ही करतो." जातिभेद, वर्णभेद यांच्या रांगेत 'वयभेद' बरा. वयोमर्यादा, वयोगट यांसारखा संधी करून 'वयोभेद' शुद्ध होईल, पण तो बोलायला जड जातो.

आणि हा वयभेद आपण स्वतःवरही करतो. आईंनी ती म्हण दुसऱ्या कोणाला लावली नाही, स्वतःलाच लावली. "आपलं काय आता, पिकलं पान", "गोवऱ्या मसणात गेल्या" हे म्हणणारे आपणच. ते नुसतं बोलणं राहत नाही. संशोधक बेक्का लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका गावचा अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशीपुढच्या ६६० जणांनी स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल काय वाटतं ते बऱ्याच वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. ज्यांना ते वय बरं वाटत होतं, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. हे शब्दांमुळेच झालं असं कोणी म्हणत नाही, पण म्हण तोंडात येताना मी आता जरा थबकतो. मराठीत दुसऱ्या बाजूचे वाक्प्रचारही पडून आहेत: चार पावसाळे जास्त पाहिलेत, हे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत.

ताई, आईंना पुन्हा वर घेऊन जा, पण या वेळी एका कामासाठी. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेलेला, राज्य नातवाचं, पुळुमावीचं. त्याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी ही बाई 'महाराजमाता' आणि 'महाराजपितामही' अशी स्वतःची ओळख देऊन लेणं दान करते. 'या वयातसुद्धा' असं त्यात कुठे नाही. शेवटी, आजीची सेवा करावी, तिला बरं वाटावं म्हणून नातू लेण्यासाठी गाव देतो, आणि तिथे तिच्यासाठी शब्द येतो 'अयका'. हे आर्यिका–अज्जिआ–आजी याच कुळातलं रूप. म्हणजे पायऱ्यांवरच्या त्या तरुणाने वापरलेल्या 'आजी'ची पणजी त्याच डोंगरावर कोरलेली आहे.

अक्षरं ब्राह्मी आहेत. 'अ-य-का-य' (शेवटचा 'य' विभक्तीचा) अशी चार शोधायची. त्यातला 'क' बेरजेच्या चिन्हासारखा, फक्त उभी दांडी खाली लांबलेली. आईंची चाळिशी घरी विसरू नका.