वड्याच्या तेलाचे इंधन आणि बारावीनंतरची वाट

परळहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांचे वडा-भज्यांचे लहानसे दुकान आहे. आठवड्याला साधारण दोन डबे वापरलेले तेल निघते आणि ओळखीचा एक माणूस ते विकत नेतो. बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने या तेलापासून बायोडिझेल तयार करण्याचा ध्यास घेतला असून घराच्या गॅलरीतच सुरुवात करण्याचा त्याचा बेत आहे. वडिलांना मात्र त्याने कॉम्प्युटर इंजिनीअर व्हावे असे वाटते. "याचे शिक्षण कोठे मिळते आणि यावर पोट भरते का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आधी गॅलरीविषयी लिहितो, कारण तेथे काही विपरीत घडले तर करिअरचा प्रश्नच उरणार नाही. या प्रक्रियेत तेलाबरोबर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरतात. मिथेनॉल पोटात गेल्यास दृष्टी आणि प्राण दोन्ही जाऊ शकतात, त्याची वाफ सहज पेट घेते आणि ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. ते सुमारे 65 अंशांना उकळते आणि प्रक्रिया चालते 60 अंशांच्या आसपास, म्हणजे चुकीला फारशी जागाच नसते. चाळीच्या किंवा इमारतीच्या गॅलरीत हे करू देऊ नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, अगदी थोड्या तेलावर करून पाहायला हरकत नाही.

तेथे त्याला एक गोष्ट लवकरच कळेल. ताज्या तेलापासून बायोडिझेल करणे तुलनेने सोपे असते. वड्याच्या तेलाशी मात्र झगडावे लागते. बटाट्यातले आणि पिठातले पाणी तापलेल्या तेलात तेलाचे रेणू फोडते आणि त्यातून मोकळी स्निग्धाम्ले तयार होतात. त्यांचे प्रमाण वाढले की कॉस्टिक सोड्याशी त्यांचा साबण बनतो, आणि भांड्यात इंधनाऐवजी न सुटणारा फेसाळ लगदा उरतो. म्हणून असे तेल आधी गाळून त्यातले पाणी काढावे लागते आणि आम्लता जास्त असल्यास मिथेनॉल व सल्फ्युरिक आम्ल वापरून ती कमी करावी लागते. सोमवारच्या आणि शनिवारच्या तेलाची आम्लता त्याने प्रयोगशाळेत टायट्रेशनने (ठरावीक तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून) मोजावी आणि आकडे वहीत लिहावेत. चार आठवडे हे काम कंटाळा न करता झाले, तर त्याची आवड खरी आहे असे मी मानेन. (व्हिडिओ पाहून आलेला उत्साह बहुधा दुसऱ्या आठवड्यात ओसरतो.)

आता पोटाचा प्रश्न. 100 किलो तेलापासून साधारण 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलोंच्या आसपास ग्लिसरीन मिळते. आपले दोन डबे म्हणजे 30 किलो, दिवसाला जेमतेम सव्वाचार किलो. रोज 10 टन बायोडिझेल करणाऱ्या कारखान्याला आपल्यासारख्या सव्वादोन हजारांहून अधिक दुकानांचे तेल लागेल. या धंद्याची खरी अडचण रसायनापेक्षा तेल गोळा करण्यात आहे, आणि खर्चाचा मोठा वाटाही तेलाच्या खरेदीतच जातो. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, पण वापरलेल्या तेलापासून विमानाचे इंधनही करता येत असल्याने त्याच डब्यावर आता दोन गिऱ्हाइके आहेत. मोगली एरंडाचा (जट्रोफा या तेलबियांच्या झुडपाचा) अनुभवही विसरू नये. पडीक जमिनीवर तेल पिकेल या आशेने देशभर त्याची लागवड झाली, पण अपेक्षित उत्पन्न आले नाही.

म्हणूनच माझे मत असे की मुलाने केवळ बायोडिझेल शिकू नये; तेल आणि रसायन अभियांत्रिकी शिकावी. आपल्या घरापासून जवळच, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिला जुने लोक अजूनही यूडीसीटी म्हणतात, तेल, ओलिओकेमिकल्स (तेल-चरबीपासून बनणारी रसायने) आणि सरफॅक्टंट्स (साबणासारखी मळ सोडवणारी द्रव्ये) या विषयात बी.टेक. करता येते, रसायन अभियांत्रिकीची पदवीही तेथेच आहे. 1933 साली सुरू झालेल्या या संस्थेत प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत चांगले गुण लागतात, त्यामुळे सध्या वहीपेक्षा गणिताला अधिक वेळ द्यावा लागेल. तेथील जागा हुकली, तर अन्य महाविद्यालयातील रसायन अभियांत्रिकी किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण हा मार्गही चांगला आहे. अशा पदवीधराला खाद्यतेल शुद्धीकरण, साबण, रंग, सौंदर्यप्रसाधने आणि तेलाच्या तपासणीच्या प्रयोगशाळा अशी अनेक दारे उघडी असतात. बायोडिझेलचा भाव पडला म्हणून तो घरी बसत नाही. त्याच्या वडिलांनाही हे सांगून पाहावे. संगणकाचे शिक्षण वाईट नाही, पण तेलाच्या वासात वाढलेल्या आणि त्याच वासाचे कुतूहल वाटणाऱ्या मुलाला तिकडे ढकलण्याचे कारण मला दिसत नाही.

एक विचारणा आपल्याकडे. 1 जुलै 2018 पासून एकूण ध्रुवीय संयुगे (तेल वारंवार तापवल्याने त्यात साठणारे बिघडलेले घटक) 25 टक्क्यांहून अधिक असलेले तेल तळणासाठी वापरण्यास मनाई आहे आणि वापरलेले तेल बायोडिझेलकडे वळावे म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची 'रुको' ही मोहीम आहे. आपले डबे नेणारा माणूस ते पुढे कोणाला देतो, हे मुलाला विचारायला लावा. ते तेल पुन्हा एखाद्या कढईत जात असेल, तर नोंदणीकृत संकलक शोधण्याचे काम त्याच्यावरच सोपवावे.