कॉर्नरबॅकला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मुलगा मिशिगन विद्यापीठात शिकतो, त्याच्या नादाने आम्हीही कॉलेज फुटबॉल बघायला लागलो. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एका नावाजलेल्या कॉर्नरबॅकच्या येत्या हंगामावर लिहायचं आहे. ‘कोपरारक्षक’ चालेल का? आणि ‘प्रिव्ह्यू’, ‘इंटरसेप्शन’, ‘लॉकडाउन कॉर्नर’, ‘ज्युनियर’ यांचं काय करू?

उत्तर : ‘कोपरारक्षक’ हा शब्द मराठीत आधीपासून आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. तो कबड्डीचा आहे. ‘डावा कोपरारक्षक’ म्हटलं की मराठी वाचकाला चढाईपटूच्या घोट्यावर झेपावणारा गडी दिसतो. पकड हेच त्याचं मुख्य काम. कॉर्नरबॅकही पकड करतो, पण त्याच्यावर ती वेळ येते तेव्हा बहुधा पास रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलायला धावणाऱ्या गड्याच्या, हातात पोचलेला असतो, म्हणजे निम्मं काम बिघडलेलं असतं. शिवाय त्याच्या नावातला ‘कॉर्नर’ हा मैदानाचा कोपरा नव्हे. बचावफळीच्या अगदी बाहेरच्या टोकाला तो उभा राहतो, म्हणून ते नाव.

‘बॅक’चं भाषांतर तर करूच नये. फळीच्या मागे जे उभे ते ‘बॅक’. मग कोण किती मागे उभा यावरून क्वार्टर, हाफ, फुल अशी नावं पडली. पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला ‘पावमागा’ म्हणायची आपली तयारी नसेल, तर कॉर्नरबॅकलाही सुखाने कॉर्नरबॅक राहू द्यावं. पहिल्यांदा नाव येईल तिथे ‘समोरच्या संघाच्या रिसीव्हरला पास मिळू न देणारा, कडेचा बचावपटू’ एवढं सांगून टाका आणि पुढे चला. तसंच ‘अमेरिकन फुटबॉल’ एकदा तरी स्पष्ट लिहा. अंक कोल्हापुरात कुणाच्या हाती पडला तर ‘फुटबॉल’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम येणार.

माझं मत असं, की नामं खुशाल इंग्रजी ठेवावीत आणि मराठीपण क्रियापदांत आणावं. तिथे आपल्याकडे इतकं तयार पडलेलं आहे की शब्द घडवायची गरजच नाही. तुम्ही खेळाडूचं नाव दिलेलं नाही, तेव्हा उदाहरणाला मिशिगनचाच विल जॉन्सन घेतो, आणि काळ धरतो २०२४चा हंगाम सुरू होण्याआधीचा.

इंटरसेप्शनपासून सुरुवात करू. ८ जानेवारी २०२४, ह्यूस्टन, राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना. मध्यंतराला मिशिगन १७-१०ने पुढे. दुसरा अर्ध सुरू झाला आणि पहिल्याच चालीत वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक मायकल पेनिक्स याचा पास जॉन्सनच्या हातात गेला. हे मराठीत कसं लिहाल? ‘पास अडवला’ म्हटलं तर चेंडू कुणाकडे राहिला ते कळत नाही. ‘हिसकावला’ म्हटलं तर तो आधी रिसीव्हरच्या हातात होता असं वाटतं. ‘झेलला’ एवढंच लिहिलं तर जॉन्सन मिशिगनचा की वॉशिंग्टनचा, असा गोंधळ. माझी पसंती ‘परस्पर झेलला’ला. चुलत्याने जमीन परस्पर विकली, म्हणजे ज्याला कळायला हवं होतं त्याला वगळून मधल्यामध्ये व्यवहार उरकला. पेनिक्सने पास टाकला, रिसीव्हर वाट बघत राहिला, जॉन्सनने तो परस्पर झेलला. ‘इंटरसेप्शन’मधलं सगळं यात आलं, वर थोडा खट्याळपणाही आला. आणि असा झेल घेऊन थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळवेपर्यंत, पळाला, तर तेच वाक्य पुढे वाढवावं. ‘पिक सिक्स’साठी वेगळा शब्द शोधत बसू नये.

चेंडू हाती लागला नाही, नुसता हाताने खाली पाडला, तर ‘पास हाणून पाडला’. डाव हाणून पाडणं आपण रोज म्हणतो. इथे ते अक्षरशः घडतं.

बचावाच्या दोन पद्धतींसाठी ‘राखणे’ वापरावं असं मला वाटतं. एका पद्धतीत कॉर्नरबॅक ठरलेल्या रिसीव्हरच्या मागावर राहतो, तिथे ‘माणूस राखणे’. दुसरीत मैदानाचा ठरलेला तुकडा सांभाळतो आणि त्यात जो येईल त्याच्याकडे बघतो, ती ‘जागा राखणे’. ‘मॅन’ आणि ‘झोन’ पहिल्यांदा सोबत द्या, दुसऱ्यांदा गरज पडणार नाही.

आता ‘लॉकडाउन कॉर्नर’. २०२०नंतर मराठी वाचकासाठी हा शब्द कायमचा घरात अडकला आहे, आणि ‘टाळेबंदी’चंही तेच झालं. ‘नाकाबंदी’ मोहात पाडते, पण नाकाबंदीत गाडी तपासून सोडतात; हा तर कुणालाच सोडत नाही. मग सरळ परिणामच सांगावा : क्वार्टरबॅक त्याच्या वाटेला जात नाहीत. ‘वाटेला जाणे’ म्हणजे खोडी काढणे, आणि इथे पासची वाटही आहेच. हा वाक्प्रचार कॉर्नरबॅकसाठीच जन्मला की काय असं वाटावं, इतका चपखल बसतो.

याचा उपयोग नुसता शोभेपुरता नाही. क्रिकेटवर वाढलेला आपला वाचक आकडे बघून खेळाडू जोखतो. कॉर्नरबॅकच्या बाबतीत हा हिशेब उलटतो. चांगल्या कॉर्नरबॅककडे पासच येत नाहीत, म्हणून नाव झाल्यावर त्याचे झेल घटूही शकतात. आदल्या वर्षी चार, यंदा दोन, एवढंच लिहिलंत तर वाचक म्हणेल, फॉर्म गेला. तेव्हा आकड्याशेजारीच, त्याच्या वाटेला किती कमी जण गेले, हेही आलं पाहिजे.

‘ज्युनियर’ला मात्र जपा. ‘ज्युनियर खेळाडू’ म्हणजे आपल्याकडे वयोगट, आणि ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेतला ज्युनियर हा पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा, म्हणून ‘तिसऱ्या वर्षाचा’ असंच लिहावं.

आणखी एक खड्डा. जॉन्सनची जर्सी २ क्रमांकाची. त्याच विद्यापीठात तोच क्रमांक चार्ल्स वुडसनचा होता. वुडसन १९९७चा हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकणारा, मुख्यतः बचावात खेळणाऱ्यांतला पहिला. लेखात ही तुलना येणारच. फक्त ‘दोन नंबरचा खेळाडू’ असं लिहू नका. मराठीत दोन नंबरचं काय काय असतं ते सांगायला नको.

‘प्रिव्ह्यू’साठी कोशात ‘पूर्वावलोकन’ सापडेल. मला तो संगणकाच्या छपाईच्या खिडकीत ठीक वाटतो. लेखावर घातला तर निम्म्या लोकांना वाटेल की मागच्या हंगामाचा आढावा आहे. ‘जॉन्सनकडून यंदा काय अपेक्षा?’ हे मथळ्याला पुरतं.

अशा लेखात खरी कसोटी काळाची. ‘जॉन्सन मैदान गाजवणार’ आणि ‘जॉन्सन मैदान गाजवेल’ यांत फरक आहे. ‘-णार’मध्ये ठरलेलं असतं, ‘-ईल’, ‘-एल’मध्ये अंदाज. वेळापत्रकाला ‘-णार’ द्या : सलामी ३१ ऑगस्टला फ्रेस्नो स्टेटशी होणार. खेळाडूच्या कामगिरीला अंदाजच शोभतो. नमुन्यादाखल :

‘विल जॉन्सनचं मिशिगनमधलं हे तिसरं वर्ष. पहिल्या दोन हंगामांत त्याने सात पास परस्पर झेलले. वॉशिंग्टनला ३४-१३ हरवलेल्या अंतिम सामन्यात बचावातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. आधीचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ आता लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले आहेत, त्यांच्या जागी शेरोन मूर आहेत आणि बचावाची सूत्रं विंक मार्टिन्डेल यांच्याकडे आली आहेत. जास्तीचे गडी क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडायची मार्टिन्डेल यांची जुनी आवड. ते जमायचं तर कडेचा रिसीव्हर कुणीतरी एकट्याच्या हिमतीवर राखायला हवा, आणि ते काम बहुधा जॉन्सनकडे येईल. मग क्वार्टरबॅक त्याच्या वाटेला कितीसे जातील?’

प्रत्यक्षात काय झालं? फ्रेस्नो स्टेटविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने एक पास परस्पर झेलला आणि ८६ यार्ड पळत टचडाऊन केला. तीन आठवड्यांनी यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) विरुद्ध पुन्हा तेच, ४२ यार्ड. ऑक्टोबरमध्ये पायाच्या बोटाला दुखापत झाली आणि सहा सामन्यांवर हंगाम संपला. एप्रिल २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, ॲरिझोना कार्डिनल्सने त्याला ४७व्या क्रमांकावर घेतलं. आदल्या ऑगस्टमध्ये ‘गाजवणार’ लिहिणाऱ्याची पंचाईत झाली असती. ‘गाजवेल’ लिहिणाऱ्याला दोन टचडाऊनच्या आधारावर मान वर ठेवता आली असती.

राहिलं व्याकरण. ‘कॉर्नरबॅक’ एकच शब्द, पुल्लिंगी, अनेकवचनही तेच : एक कॉर्नरबॅक, दोन कॉर्नरबॅक. प्रत्यय थेट लावावा : कॉर्नरबॅकने, कॉर्नरबॅकला, कॉर्नरबॅकचा. ‘कॉर्नरबॅकाचा’ असं नियमाने होईल, पण कानाला खटकतं आणि बोलताना कुणी म्हणत नाही. अनेकवचनात मात्र अनुस्वाराशिवाय भागत नाही : ‘कॉर्नरबॅकांना’, ‘कॉर्नरबॅकांमध्ये’. लेखात ‘रिसीव्हर’, ‘क्वार्टरबॅक’ यांनाही हाच नियम लावा, म्हणजे मुद्रितशोधकाशी वाद होणार नाही. निदान या कारणावरून तरी.