पनामा टोपी पनामा देशात विणतात का?

नाही ओ, नाव पनामाचं पण टोपी इक्वेडोरची, माल पनामामार्गे बाहेर जायचा म्हणून नाव चिकटलं. इक्वेडोरात तोकिया म्हणून ताडासारखं दिसणारं झाड आहे, त्याची कोवळी पानं चिरून, उकळून, वाळवतात आणि मग टोपीच्या शेंड्यापासून गोल गोल हातानंच विणत येतात, माग-बिग काही नाही. कडक उन्हात पट्टी सुकून तुटते म्हणून पहाटे नायतर संध्याकाळी बसतात, बोटं ओली करत. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात अवघडच! इथं शिंदीचे फडे म्हणजे झाडू बांधतानाबी पानं भिजवूनच घेतात की. २०१२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलंय हे विणकाम. बारीक विणीच्या टोपीला कित्येक महिने लागतात, आपल्या गड्डा जत्रेत दीडशेला मिळते ती नव्हे.