पोच मिळाली नाही, आता काय?

कंपनीतली वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलती करणारी एंटरप्राइझ सर्व्हिस बस, म्हणजे ईएसबी, हा या वेळच्या निम्म्या प्रश्नांचा विषय आहे. विक्री, गोदाम, लेखा यांना थेट एकमेकांत न गुंतवता मध्ये ही बस ठेवतात. ती निरोप घेते, समोरच्याला समजेल अशा रूपात बदलते आणि योग्य दारी पोचवते. काम एवढंच, पण त्यावरचा तोच तोच गोंधळ पुन्हा येत असल्यामुळे सगळे प्रश्न एकत्र घेतो.

आमच्याकडे टॅली, गोदामाचं सॉफ्टवेअर आणि एक सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) आहे. विक्रेता म्हणतो, ईएसबी आत्ताच घ्या, नाहीतर नंतर महागात पडेल. घ्यावी का? (भोसरी)

नको.

त्याने तुम्हाला दहा सॉफ्टवेअर आणि ४५ जोडण्यांचं जाळं असलेली स्लाइड दाखवली असणार. गणित बरोबर आहे, पण त्यात प्रत्येकजण प्रत्येकाशी बोलतो असं गृहीत धरलंय. कँटीनच्या कुपनांना जीएसटी पोर्टलशी काय बोलायचं असतं? तुमच्याकडे तिघांच्या फार तर तीन जोडण्या. टॅली एक्सएमएल या ठरावीक साच्यातून माहिती घेते आणि देते, त्यासाठी एक बरा प्रोग्रामर पुरेसा आहे. फक्त टॅलीचा ९००० हा पोर्ट, म्हणजे तिच्यात शिरायचं दार, इंटरनेटवर उघडा टाकू नका, आणि काम सुरू करण्याआधी नेटवर्क बघणाऱ्याला एकदा दाखवा.

ईएसबी आणि एपीआय गेटवे एकच ना?

नाही. गेटवे हा बाहेरून येणाऱ्या विनंत्या तपासणारा दारावरचा रखवालदार, बस ही आतली टपालखोली.

ग्राहकानुसार सवलतीचे नियम बसमध्येच लिहून टाकले तर चालेल का? सोपं पडतं.

पहिले सहा महिने सोपं पडतं. सवलत कुणी आणि का दिली हे विक्री विभागाला बघता आलं पाहिजे. नियम विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्येच ठेवा.

मुलाचा मित्र म्हणतो, ईएसबी आता मेली, मायक्रोसर्व्हिसेस घ्या. (कोल्हापूर)

मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे एका मोठ्या सॉफ्टवेअरऐवजी छोटी, स्वतंत्र सॉफ्टवेअर. त्या मित्राला विचारा, जुन्या ईआरपीची (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल नव्या सर्व्हिसला समजेल अशी कोण बदलणार? तो जे नाव घेईल ते बसचंच काम करत असेल. काफ्का हे सॉफ्टवेअर निरोप उत्तम वाहतं, पण नुसतं आणून ठेवलं म्हणून तुमच्या फाइलचं भाषांतर ते आपोआप करत नाही.

त्याच्या म्हणण्यात तथ्य एवढंच, की अनेक कंपन्यांनी सगळे नियम बसमध्ये कोंबले, ती एकाच टीमच्या ताब्यात दिली आणि मग एक रकाना वाढवायला तीन आठवडे लागू लागले. तो दोष कोंबणाऱ्यांचा. बाजाराने मात्र नाव बदललं. २००३ मध्ये सुरू झालेली म्यूल ही बस म्हणूनच ओळखली जायची. २०१८ मध्ये सेल्सफोर्सने ती बनवणारी म्यूलसॉफ्ट कंपनी सुमारे ६.५ अब्ज डॉलरला घेतली, आणि आज तीच मंडळी 'इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म' विकतात. पाटी वाचून निर्णय घेऊ नका. तुमचे प्रवाह कागदावर काढा आणि ज्याला काही विकायचं नाही अशा माणसाला दाखवा.

एकच ऑर्डर ईआरपीमध्ये दोनदा पडते. ईएसबीवाले म्हणतात, वरची आवृत्ती घेतली की 'एक्झॅक्टली वन्स', म्हणजे प्रत्येक निरोप नेमका एकदाच, मिळेल. खरं का? (नाशिक)

याचं उत्तर लांबणार आहे. घाई असलेल्यांनी पुढचा प्रश्न वाचावा आणि नंतर पस्तावावं.

ऑर्डर बसवरून ईआरपीला गेली. ईआरपीने ती नोंदवली. 'मिळाली' ही पोच परत येताना नेटवर्क पडलं. बसने समजा ३० सेकंद वाट पाहिली आणि ऑर्डर पुन्हा पाठवली. बस चुकली का? नाही. निरोप जाताना हरवला की पोच येताना हरवली, हे पाठवणाऱ्याला बसल्या जागी कळूच शकत नाही. पुन्हा पाठवावं तर दोनदा होण्याची भीती, न पाठवावं तर राहून जाण्याची. बहुतेक ठिकाणी पहिली भीती पत्करतात, आणि ते योग्यच आहे. 'एक्झॅक्टली वन्स'ची हमी काही उत्पादनं देतात, पण आपल्या कुंपणाच्या आत. तुमच्या ईआरपीने नोंद केली की नाही हा कुंपणाबाहेरचा मामला. हे कुंपण विक्रीच्या स्लाइडवर मला आजवर दिसलेलं नाही.

उपाय कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरइतका जुना आहे. ऑर्डर जिथे तयार होते तिथेच तिला क्रमांक द्या आणि ती कितीही वेळा पाठवली तरी तोच राहू द्या. ईआरपीने रजिस्टर बघायचं. क्रमांक आधी आला असेल तर नवी नोंद न करता जुनीच पोच पुन्हा द्यायची. रजिस्टरची नोंद आणि ऑर्डरची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवी, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही, आणि त्या क्रमांकावर डेटाबेसमध्येच युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचं) हवं. 'आधी बघतो, मग लिहितो' एवढंच कोडमध्ये केलं, तर दोन प्रती एका क्षणी आल्या की दोन्ही आत शिरतात.

माझ्या एका जुन्या ग्राहकाची पत्र्याच्या कॉइलची खरेदी ऑर्डर अशीच दोनदा गेली. पुरवठादाराने दोन गाड्या भरल्या. दुसरी गेटवर आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पुढच्या आठवड्याचा माल लवकर आला! चूक कळली ती बिल चुकतं करताना.

ई-इनव्हॉइसमध्ये हाच घोळ उलट्या बाजूने होतो. पोर्टलचा ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि कागदाचा क्रमांक यांवरून निघतो. तेच बिल पुन्हा गेलं की पोर्टल २१५० हा 'डुप्लिकेट'चा एरर देतं. खरं तर ही आनंदाची बातमी आहे, कारण पहिलं बिल पोचलं होतं. आधीचा आयआरएन लगेच मागवून घ्यायचा, काम संपलं. पण लाल अक्षरं दिसताच कुणीतरी बिलाचा क्रमांक बदलून ते पुन्हा ढकलतं, आणि एका मालाची दोन खरी बिलं होतात. पोर्टलवर रद्द करायला २४ तास मिळतात. त्यानंतर काय करायचं ते सीएला विचारा. मला नको, आयटीतल्या मुलाला तर मुळीच नको.

पावतीवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं छापली जातात. बस बदलावी का?

बस राहू द्या, आधी दोन्ही टोकं तपासा. एसक्यूएल सर्व्हरवर नावाचा रकाना बहुधा व्हारचार प्रकारचा असेल, तिथे मराठी अक्षरं मावणारा एनव्हारचार हवा. एकदा प्रश्नचिन्ह साठलं की मूळ अक्षर त्यातून परत मिळत नाही, म्हणून आधी बॅकअप शोधा.

लांबीही बघा. 'ज्ञानेश्वर' दिसायला चार अक्षरं, युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतात) १० चिन्हं आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत ३० बाइट. ४० बाइटच्या रकान्यात आडनाव अर्ध्यात तुटणारच. माहिती युनिकोडपूर्वीच्या फाँटमधली असेल तर कन्व्हर्टर लागेल. तो प्रतीवर चालवून एखाद्या मराठी वाचणाऱ्या माणसाकडून शंभर नावं तपासून घ्या.

आमची सॅपची प्रोसेस ऑर्केस्ट्रेशन आवृत्ती ७.५ आहे. अजून वेळ आहे ना?

सॅपच्या या बसची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपते. जादा पैसे मोजून २०३० पर्यंत ताणता येते, आणि तुमचं व्यवस्थापन नेमकं त्यावरच डोळा ठेवून बसलंय असं पत्रावरून दिसतं. किती इंटरफेस (सॉफ्टवेअरमधल्या जोडण्या) चालू आहेत आणि त्यातले किती कुणालाच नको आहेत, एवढी यादी या महिन्यात करा. सर्वांत जास्त वेळ तीच खाते, कारण ज्यांनी ते लिहिले ते बहुधा कंपनी सोडून गेलेले असतात. करारातल्या तारखा सॅपच्या प्रतिनिधीकडून लेखी घ्या.

डेड लेटर क्यूमध्ये (न पोचलेल्या निरोपांच्या रांगेत) ११ हजार निरोप साठलेत. बस मंदावली आहे. डिलीट करू का?

नाही. सगळे एकदम पुन्हा सोडूही नका, त्यातले कित्येक पलीकडे आधीच नोंदले गेले असतील. प्रत काढून बाजूला ठेवा आणि आजच लेखा विभागाला शेजारी बसवा. आधी ई-इनव्हॉइस वेगळे काढा. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीच्या करदात्यांचं ३० दिवसांहून जुनं बिल पोर्टल घेत नाही, आणि तुमच्या क्यूमधला सर्वांत जुना निरोप कधीचा आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.